हाकलण्याआधी ऐका

सखाराम गणेश पंडित. अमेरिकेतल्या स्थलांतरितांच्या खटल्यांचा इतिहास वाचताना हे नाव समोर आले की मराठी वाचक थबकतोच. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पंडित व्याख्याते म्हणून अमेरिकेला गेले. 1914 साली लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने त्यांना नागरिकत्व दिले. पुढे त्यांनी वकिलीची सनद मिळवली, तिथेच व्यवसाय मांडला, 1920 मध्ये एका अमेरिकन स्त्रीशी लग्न केले, घर केले. आणि फेब्रुवारी 1923 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात निकाल दिला की भारतीय माणूस ‘गोरा’ नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. तीनच महिने आधी याच न्यायालयाने एका जपानी अर्जदाराला सांगितले होते की गोरा म्हणजे कॉकेशियन. थिंद म्हणाले, मानववंशशास्त्राप्रमाणे मी कॉकेशियन आहे. त्यावर न्यायालयाने मानववंशशास्त्रच बाजूला ठेवले आणि सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा, असे ठरवले.

थिंद निकालानंतर सरकारने आधीच नागरिक झालेल्या भारतीयांची नागरिकत्वे रद्द करायला घेतली. पन्नासाहून अधिक माणसांचे नागरिकत्व असे काढून घेतले गेले. सॅन फ्रान्सिस्कोत दुकान चालवणारे वैष्णोदास बगाई त्यांच्यापैकी एक. त्यांनी 1928 साली आत्महत्या केली. पंडितांवरही नोटीस आली. त्यांनी आपण गोरे आहोत की नाही या वादात शिरणेच टाळले. त्यांचा मुद्दा साधा होता: 1914 साली सरकारला माझ्याविरुद्ध बोलण्याची पूर्ण संधी होती, निकाल लागला, सरकारने अपील केले नाही. त्या निकालावर विसंबून मी वकील झालो, संसार मांडला. माझे नागरिकत्व गेले तर माझ्या पत्नीचेही जाईल. एकदा ऐकून घेऊन दिलेला निकाल असा मागे घेता येणार नाही. 1926 मध्ये अपील न्यायालयाने हे मान्य केले, 1927 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा अर्ज दाखल करून घ्यायला नकार दिला, आणि भारतीयांची नागरिकत्वे रद्द करण्याची मोहीम थंडावली.

पंडित जिंकले ते सुनावणीच्या जोरावर. भारतीय माणूस नागरिकत्वाला पात्र आहे असे न्यायालय म्हणाले नाही. तो हक्क मिळायला 1946 सालचा कायदा यावा लागला. अमेरिकेतल्या स्थलांतरितांच्या आणि आश्रयार्थींच्या जवळजवळ एकशे चाळीस वर्षांच्या न्यायालयीन लढायांचा आढावा घेताना मला पंडितांच्या खटल्याची आठवण पुन्हा पुन्हा होते. कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला बाहेर काढायचे, हा अधिकार न्यायालयांनी बहुतेक वेळा सरकारच्या हातातच ठेवला. बाहेर काढताना माणसाला नोटीस दिली का, त्याचे ऐकले का, कायद्यात लिहिलेली पायरी गाळली का, एवढ्यावर मात्र न्यायालये अडून बसली. ही वाट फार अरुंद आहे, आणि जे काही मिळाले ते याच वाटेने मिळाले.

ही वाट पाडली सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी मंडळींनी. त्यांच्या ‘सिक्स कंपनीज’ या संघटनेने वर्गणी काढून त्या काळचे नामांकित गोरे वकील उभे केले. पहिला मोठा विजय 1886 चा. लाकडी इमारतीत लाँड्री चालवायची तर नगरपालिकेची खास परवानगी लागेल, असा नियम झाला. सुमारे दोनशे चिनी धोब्यांनी अर्ज केले, सगळे फेटाळले गेले. चिनी नसलेल्या सुमारे ऐंशी जणांपैकी एक सोडून सगळ्यांना परवाना मिळाला. यिक वो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणाले की चौदाव्या घटनादुरुस्तीतला शब्द ‘व्यक्ती’ असा आहे, तो नागरिकांपुरता नाही. आपल्या राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमातही तोच शब्द आहे. 1996 साली अरुणाचल प्रदेशातल्या चकमा निर्वासितांना हुसकावून लावण्यापासून आपल्या सर्वोच्च न्यायालयाने वाचवले ते त्याच शब्दाच्या आधारे. आणि 2021 मध्ये जम्मूतल्या रोहिंग्यांच्या अर्जावर त्याच न्यायालयाने सांगितले की जगण्याचा हक्क परक्यालाही आहे, पण देशात राहण्याचा हक्क नागरिकाचाच. ठरलेली प्रक्रिया पाळून त्यांना परत पाठवता येईल. हा पेच दोन्ही देशांत सारखाच आहे.

यिक वोनंतर तीनच वर्षांनी उलटा निकाल आला. चे चान पिंग हा कामगार बारा वर्षे सॅन फ्रान्सिस्कोत राहिला, 1887 मध्ये परत येण्याचा अधिकृत दाखला खिशात घालून चीनला गेला. तो परतीच्या वाटेवर समुद्रात असतानाच, ऑक्टोबर 1888 मध्ये, संसदेने असे सगळे दाखले रद्द केले. बंदरात पोचल्यावर त्याला उतरू दिले नाही. 1889 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की परक्याला दाराबाहेर ठेवणे हा सार्वभौम सत्तेचा अधिकार आहे, न्यायालय त्यात पडणार नाही. 1893 मध्ये त्यापुढे आणखी एक वाक्य आले: हद्दपारी ही शिक्षा नव्हे. हे वाक्य वकिलांखेरीज फार थोड्यांना माहीत असते, पण त्याने माणसांचे जेवढे नुकसान केले तेवढे दुसऱ्या कुठल्या वाक्याने केले नसेल. शिक्षा नाही म्हणून ज्युरी नाही, शिक्षा नाही म्हणून सरकारी खर्चाने वकील नाही. आज तीन वर्षांचे मूल हद्दपारीच्या खटल्यात एकटे उभे राहते त्याचे मूळ या वाक्यात आहे.

त्याच दशकात दोन निकाल चिनी लोकांच्या बाजूनेही लागले. 1896 मध्ये न्यायालयाने ठरवले की बेकायदा राहणाऱ्यालाही खटला चालवल्याशिवाय सक्तमजुरी देता येणार नाही. 1898 मध्ये वाँग किम आर्क या सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या स्वयंपाक्याचा खटला आला. चीनहून परतताना त्याला बंदरातल्या जहाजांवर कित्येक महिने अडकवून ठेवले होते. सहा विरुद्ध दोन मतांनी निकाल लागला: अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेला तो अमेरिकेचा नागरिक, आईबाप परकीय असले तरी.

मग 1903. काओरू यामाताया ही सोळा वर्षांची जपानी मुलगी सिअ‍ॅटलला उतरली होती. सार्वजनिक खर्चावर बोजा होईल म्हणून तिला परत पाठवायचे ठरले. सर्वोच्च न्यायालयाने पहिल्यांदा स्पष्ट म्हटले की देशात आलेल्या माणसाला, ऐकून घेण्याची संधी न देता, अधिकाऱ्याच्या मर्जीने हाकलता येणार नाही. आज हद्दपारीविरुद्धचा जवळजवळ प्रत्येक युक्तिवाद या निकालापर्यंत जाऊन पोचतो. पण ती मुलगी मात्र हरली. तिची चौकशी इंग्रजीत झाली होती, तिला इंग्रजी येत नव्हते, चौकशी कशाबद्दल आहे हेही तिला कळले नव्हते. न्यायालयाला तेवढी संधी पुरेशी वाटली. ऐकले जाण्याचा हक्क जिच्या नावाने लिहिला गेला तिचेच कोणी ऐकले नाही. कायदा शिकवणाऱ्यांनी यामातायाचे तत्त्व सांगताना तिच्याबद्दलची ही गोष्टही सांगावी असे मला मनापासून वाटते.

पुढच्या अर्धशतकात फारसे काही हलले नाही. शीतयुद्धाच्या काळात तर दार अधिकच घट्ट झाले. इग्नाट्झ मेझे हा बफेलो शहरात पंचवीस वर्षे राहिलेला माणूस मरणाऱ्या आईला भेटायला रोमानियाला निघाला, आत जाऊ शकला नाही, हंगेरीत एकोणीस महिने अडकला, आणि 1950 मध्ये परतला तेव्हा गुप्त माहितीच्या आधारे त्याला एलिस बेटावर रोखले गेले. दुसरा कुठलाही देश घेईना. पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने 1953 मध्ये सरकारला साथ दिली: तो बेटावर असला तरी कायद्याच्या दृष्टीने देशात आलेलाच नाही. न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांचे त्या खटल्यातले असहमतीचे मत वाचावे असे आहे. न्युरेंबर्गला नाझी नेत्यांविरुद्ध सरकारी वकील म्हणून उभा राहिलेला हा माणूस म्हणतो की प्रक्रियेतली सचोटी हाच स्वातंत्र्याचा गाभा आहे. अखेर 1954 मध्ये मेझेला सोडले गेले ते सरकारच्या मेहेरबानीने, न्यायालयाच्या हुकमाने नव्हे.

आश्रयाचा कायदा असा अमेरिकेला मिळाला 1980 मध्ये. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व यांमुळे छळाची साधार भीती असलेल्या माणसाला आश्रय मागता येईल, असे त्यात लिहिले गेले. साधार म्हणजे किती, हा प्रश्न लगेच उभा राहिला. सरकार म्हणे, छळ होण्याची शक्यता निम्म्याहून अधिक आहे हे सिद्ध करा. निकारग्वाच्या एका स्त्रीच्या खटल्यात 1987 साली सर्वोच्च न्यायालयाने ते नाकारले. दहातली एक शक्यता असली तरी भीती साधार असू शकते, असे बहुमताच्या निकालाने मान्य केले. घरात दहापैकी एकाच खोलीत साप आहे असे कळले तरी आपण त्या घरात निजणार नाही. हे समजायला सात वर्षे आणि एक सर्वोच्च न्यायालय लागले.

पण कायद्याचा अर्थ लागला म्हणून तो पाळला गेला असे झाले नाही. एल साल्वादोर आणि ग्वातेमालात यादवी पेटली होती, आणि ती सरकारे अमेरिकेची मित्र होती. म्हणून 1984 मध्ये या दोन देशांच्या लोकांचे शंभरातले तीन अर्जसुद्धा मंजूर होत नव्हते. पकडलेल्या साल्वादोरच्या माणसांपुढे ‘मी स्वखुशीने परत जातो’ असा कागद ठेवला जाई. सही कर नाहीतर लांबच्या तुरुंगात टाकू, अशा धमक्या दिल्या जात. लॉस एंजेलिसच्या संघीय न्यायालयात 1982 मध्ये दावा दाखल झाला, 1988 मध्ये कायमचा मनाई हुकूम निघाला. त्या हुकमात काय होते ते पाहण्यासारखे आहे: आश्रय मागता येतो हे माणसाला त्याच्या भाषेत सांगा, फुकट वकिलांची यादी त्याच्या हातात द्या, त्याला फोन करू द्या. फोन! ज्या हक्कांबद्दल आपण मोठे शब्द वापरतो ते कोठडीत या रूपात पोचतात: भिंतीवरचा चालू असलेला फोन आणि त्याशेजारी चिकटवलेला नंबरांचा कागद.

त्याच सुमारास चर्चची मंडळी पुढे आली. निर्वासितांना आसरा दिला म्हणून पाद्री आणि नन्स यांच्यावर ॲरिझोनात खटले भरले गेले होते. 1985 मध्ये अमेरिकन बॅप्टिस्ट चर्चेस आणि इतर संघटनांनी सरकारलाच न्यायालयात खेचले: तुम्ही अर्ज गुणवत्तेवर पाहत नाही, परराष्ट्र धोरणावर पाहता. 1991 मध्ये तडजोड झाली आणि सुमारे दीड लाख माणसांचे अर्ज नव्याने ऐकायचे ठरले. माझ्या मते स्थलांतरितांच्या बाजूचा हा सर्वांत मोठा विजय आहे, आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयाची एक ओळही नाही.

हैतीच्या लोकांच्या वाट्याला तेही आले नाही. फ्लोरिडाच्या किनाऱ्याला लागलेल्यांसाठी मायामीचे वकील 1970 च्या दशकापासून झगडत होते. सरकारने मग समुद्रातच होड्या अडवायला सुरुवात केली. हॅरल्ड को या प्राध्यापकाच्या नेतृत्वाखाली येल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी खटला उभा केला. 1993 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी सांगितले की छळ होईल तिथे परत पाठवू नये हे बंधन भर समुद्रात लागू होत नाही. हॅरी ब्लॅकमन एकटे विरोधात होते. त्याच विद्यार्थ्यांनी ग्वांतानामोच्या तळावर एचआयव्ही असल्याच्या कारणावरून कोंडलेल्या हैतीच्या आश्रयार्थींची छावणी मात्र त्याच वर्षी खालच्या न्यायालयातून बंद करवली.

मुलांचे खटले वेगळे काढून सांगायला हवेत. 1975 मध्ये टेक्सासने कायदा केला की कागदपत्रे नसलेल्या मुलांच्या शिक्षणाला राज्याचा पैसा मिळणार नाही. टायलर गावच्या शाळांनी अशा प्रत्येक मुलामागे वर्षाला एक हजार डॉलर मागितले. मजुरी करणाऱ्या कुटुंबांना ते अशक्य होते. चार कुटुंबांनी 1977 मध्ये दावा केला. न्यायालयात गेलो तर तिथूनच उचलून सीमेपार टाकतील, ही भीती खरी होती. म्हणून न्यायाधीश विल्यम वेन जस्टिस यांनी सुनावणी सकाळी सहाला ठेवली, गावाला जाग यायच्या आत. आईबाप घरातले सामान गाडीत भरून न्यायालयात आले होते, परत घरी जायला मिळेल याची खात्री नव्हती. 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार मतांनी ती मुले जिंकली. आईबापांच्या कृत्याची किंमत मुलाकडून वसूल करून त्याला आयुष्यभर निरक्षर ठेवणे घटनेत बसत नाही, असे न्यायमूर्ती ब्रेनन यांनी लिहिले. एका मताने वाचलेला हा निकाल. त्या एका मतावर चार दशकांत किती मुले शाळेत गेली असतील याचा विचार करावा.

फ्लोरेस खटल्याची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. 1985 मध्ये एल साल्वादोरची पंधरा वर्षांची मुलगी पकडली गेली. तिला अनोळखी प्रौढांबरोबर कोंडले, कपडे उतरवून झडती घेतली, आणि आईबापांशिवाय कोणाच्या ताब्यात देणार नाही म्हणून अडवून ठेवले. 1993 मध्ये सर्वोच्च न्यायालयात सात विरुद्ध दोन मतांनी मुलांची बाजू हरली. तिथे खटला संपायला हवा होता. पण कोठडीतल्या परिस्थितीचे प्रश्न खालच्या न्यायालयात जिवंत होते, वकील हटले नाहीत, आणि 1997 मध्ये सरकारने तडजोडनाम्यावर सही केली: मुलांना विनाविलंब सोडा, सोडता येत नसेल तर शक्य तितक्या मोकळ्या जागी ठेवा, खायला-प्यायला द्या, जागा स्वच्छ ठेवा. जिंकलेल्या निकालांपेक्षा या हरलेल्या खटल्यातून आलेल्या कागदाने अधिक मुलांना कोठडीबाहेर काढले आहे. 2018 मध्ये सीमेवर आईबापांपासून मुले तोडली गेली तेव्हा सॅन दिएगोचे न्यायाधीश डॅना सब्रॉ यांनी तीस दिवसांत सगळ्यांची भेट घालून देण्याचा हुकूम दिला. तो दावा काँगोच्या एका आईपासून सुरू झाला होता. आई सॅन दिएगोत कोंडलेली आणि तिची सात वर्षांची मुलगी शिकागोत. मुलांना पाठवले कुठे याची धड नोंदच ठेवलेली नाही, हे त्या हुकमाच्या अंमलबजावणीत उघड झाले.

कोठडी किती दिवस, याबद्दल 2001 मध्ये एक चांगला निकाल आला. जर्मनीतल्या निर्वासितांच्या छावणीत जन्मलेल्या, कुठल्याच देशाने आपला न मानलेल्या माणसाला अमेरिका कायम कोंडून ठेवू पाहत होती. न्यायालयाने सांगितले, परत पाठवण्याची शक्यता दिसत नसेल तर साधारण सहा महिन्यांपलीकडे ठेवता येणार नाही. पण 2020 मध्ये श्रीलंकेच्या एका तमिळ माणसाचा खटला आला. तो सीमेच्या आत सुमारे 25 यार्डांवर पकडला गेला होता. सर्वोच्च न्यायालय म्हणाले, एवढ्याने तो आत आला असे होत नाही. त्याला हेबिअस कॉर्पस, म्हणजे आपली कोठडी कायदेशीर आहे का हे न्यायालयाने तपासावे असा अर्ज, करता येणार नाही. मेझेच्या बेटासारखीच ही पंचवीस यार्डांची पट्टी. पाय अमेरिकेच्या मातीत आहेत, पण कायद्याला ते दिसत नाहीत.

आता वकिलाबद्दल. अमेरिकेतली स्थलांतर न्यायालये नावाला न्यायालये आहेत. ती न्यायखात्याचा भाग आहेत, न्यायाधीश हे त्या खात्याचे नोकर, आणि ॲटर्नी जनरल त्यांचा निकाल स्वतःकडे घेऊन फिरवू शकतो. 2025 मध्ये यांतल्या अनेक न्यायाधीशांना कामावरून काढले गेले. त्या वर्षी तीस लाखांहून अधिक प्रकरणे पडून होती. सरकारच्या बाजूने नेहमी वकील उभा असतो. 2007 ते 2012 या काळातल्या प्रकरणांच्या एका मोठ्या अभ्यासात दिसले की स्थलांतरितांपैकी शंभरात 37 जणांकडेच वकील होता, आणि कोठडीत असलेल्यांपैकी फक्त 14 जणांकडे. मुलांना तरी सरकारने वकील द्यावा म्हणून सिअ‍ॅटलला दावा झाला. त्यात जबानी देताना एका ज्येष्ठ स्थलांतर न्यायाधीशाने सांगितले की आपण तीन-चार वर्षांच्या मुलांना हा कायदा समजावून दिला आहे, फक्त वेळ आणि धीर लागतो. 2016 मध्ये अपील न्यायालयाने तो दावा अधिकारक्षेत्राच्या कारणावरून काढून टाकला. मनोरुग्ण आणि मतिमंद कैद्यांना मात्र 2013 मध्ये कॅलिफोर्निया, ॲरिझोना आणि वॉशिंग्टन या तीन राज्यांत न्यायालयाने वकील मिळवून दिला. न्यूयॉर्क शहराने त्याच वर्षी स्वतःच्या तिजोरीतून कोठडीतल्या लोकांना वकील द्यायला सुरुवात केली. ऐकले जाण्याचा हक्क मला इतका महत्त्वाचा वाटतो, म्हणूनच हे बोचते: काय बोलायचे हे सांगणारा कोणी शेजारी नसेल तर आश्रयार्थी आपल्यावर झालेल्या बलात्काराबद्दल बोलत नाही, आणि गावातल्या भाऊबंदकीबद्दल मात्र तासभर बोलतो. कायद्याला हवे असते ते राहूनच जाते.

ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीतले खटले वाचकांना वर्तमानपत्रांतून माहीत आहेत. मुस्लिमबहुल देशांतल्या लोकांना रोखणारा जानेवारी 2017 चा हुकूम निघाला तेव्हा विमानतळांवर वकील जमिनीवर बसून अर्ज लिहीत होते. तरी त्याची तिसरी आवृत्ती 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली. लहानपणी अमेरिकेत आणलेल्या सुमारे सात लाख तरुणांचे संरक्षण काढण्याचा निर्णय 2020 मध्ये रद्द झाला, तोही ‘नीट कारणे दिली नाहीत’ एवढ्या मुद्द्यावर. पुन्हा प्रक्रियाच.

2025 मध्ये हा प्रश्न उघड्यावर आला. मार्चमध्ये 1798 सालच्या परकीय शत्रू कायद्याचा आधार घेऊन व्हेनेझुएलाच्या शंभराहून अधिक माणसांना एल साल्वादोरच्या महातुरुंगात नेऊन टाकले. न्यायाधीश जेम्स बोसबर्ग यांनी विमाने परत फिरवण्याचा हुकूम दिला, तरी ती उतरली. एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक गोष्ट एकमुखाने सांगितली: हाकलण्याआधी नोटीस आणि न्यायालयात जाण्याची संधी द्यावीच लागेल. मे महिन्यात पुढे म्हटले की जेमतेम चोवीस तासांची, काय करायचे हे न सांगणारी नोटीस चालणार नाही. मेरीलँडच्या एका कामगाराला तर, एल साल्वादोरला पाठवू नये असा 2019 चा न्यायालयीन आदेश असूनही, तिथेच पाठवले गेले. सरकारने चूक कबूल केली, पण त्याला परत आणायला जून उजाडला.

याच वर्षी भारतीयांच्या घरापर्यंत हे लोण आले. मार्च-एप्रिलमध्ये हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या कायदेशीर मुक्कामाच्या नोंदी सरकारी संगणकातून एकाएकी रद्द झाल्या. सरकारने सुमारे 13 लाख विद्यार्थ्यांची नावे गुन्हे नोंदवहीशी ताडून पाहिली होती. वाहतुकीच्या किरकोळ दंडामुळेही नाव सापडले की नोंद गेली. भारतीय विद्यार्थी त्यांत मोठ्या संख्येने होते, आणि पुण्या-मुंबईचे आईबाप रात्री-अपरात्री मुलांना फोन करून ‘घराबाहेर पडू नकोस’ म्हणत होते. देशभर शंभरावर दावे झाले, न्यायाधीशांनी एकामागून एक तात्पुरते हुकूम दिले, आणि 25 एप्रिलला सरकारने न्यायालयात सांगितले की नोंदी परत चालू करतो. ना नोटीस दिली होती, ना कारण; त्यामुळे सरकारच्या बचावाला जागाच नव्हती.

जन्माने नागरिकत्वाचा खटला तर थेट एच-वन-बी व्हिसावरच्या मराठी कुटुंबांचा आहे. ट्रम्प यांच्या 20 जानेवारी 2025 च्या हुकमाप्रमाणे केवळ बेकायदा राहणाऱ्यांचीच नव्हे, तात्पुरत्या व्हिसावर कायदेशीर राहणाऱ्या आईबापांची मुलेही जन्माने नागरिक होणार नाहीत. ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षे थांबलेल्या न्यू जर्सीतल्या जोडप्याचे मूल यात येते. वाँग किम आर्क त्यांच्यासाठी जिंकून ठेवून गेला होता. तीनच दिवसांत सिअ‍ॅटलचे न्यायाधीश जॉन कॉगेनॉर यांनी हुकूम थांबवला. मग 27 जूनला सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितले की एका जिल्ह्याच्या न्यायाधीशाने अख्ख्या देशाला लागू होणारी मनाई देऊ नये. हे हत्यार दोन्ही बाजूंनी वापरले होते हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. ओबामांची स्थलांतरितांना दिलासा देणारी योजना 2015 मध्ये टेक्सासच्या एका न्यायाधीशाने अशाच देशव्यापी मनाईने अडवली होती. तरी मला हा निकाल चुकीचा वाटतो. ज्या बाईला दिवस गेले आहेत तिने स्वतः दावा लावावा, नाहीतर तिचे बाळ परके ठरू शकेल, असा त्याचा अर्थ होतो. वकिलांनी दोन आठवड्यांत दुसरी वाट काढली. न्यू हॅम्पशायरमध्ये देशभरच्या अशा सगळ्या बाळांच्या वतीने सामूहिक दावा उभा राहिला आणि 10 जुलैला तिथल्या न्यायाधीशाने हुकूम पुन्हा अडवला. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो खटला सुनावणीला घेतला.

सामूहिक दावा जिथे चालत नाही तिथे एकेका माणसासाठी हेबिअस कॉर्पसचा अर्ज करावा लागतो. 2025 च्या उत्तरार्धात, परवानगीशिवाय देशात आलेल्यांना जामिनावर सोडण्याचा स्थलांतर न्यायाधीशांचा अधिकारच काढून घेतल्यावर, असे अर्ज संघीय न्यायालयांत ढिगांनी येऊ लागले. अर्जाची फी पाच डॉलर आहे. पण अर्ज माणूस ज्या जिल्ह्यात कोंडलेला आहे त्याच जिल्ह्यात करावा लागतो, आणि सरकार माणसाला रातोरात दुसरीकडे हलवते.

25 मार्च 2025 च्या संध्याकाळी बॉस्टनजवळ टफ्ट्स विद्यापीठाच्या एका तुर्की विद्यार्थिनीला तोंड झाकलेल्या अधिकाऱ्यांनी रस्त्यावरून उचलले. रात्री दहाच्या सुमारास तिच्या वकिलाने बॉस्टनला अर्ज दाखल केला. त्या वेळी तिची गाडी मॅसॅच्युसेट्सची हद्द ओलांडून व्हरमाँटमध्ये पोचली होती. पहाटे तिला विमानाने लुइझियानाला नेले. सरकार म्हणाले, हा खटला लुइझियानाचा. न्यायालयाने घड्याळ पाहिले आणि ठरवले की अर्ज दाखल झाला तेव्हा ती व्हरमाँटमध्ये होती, म्हणून खटला व्हरमाँटला चालेल. 9 मे रोजी तिची साक्ष झाली, लुइझियानाच्या कोठडीतून पडद्यावर. बोलता बोलता तिला दम्याचा झटका आला. न्यायाधीश विल्यम सेशन्स यांनी तिला उठून जाऊन औषध घ्यायला सांगितले. मग त्यांनी सरकारकडच्या पुराव्याबद्दल आपले मत दिले: विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रात तिने सहलेखिका म्हणून लिहिलेल्या एका लेखापलीकडे त्यात काहीच नव्हते. त्याच दिवशी तिला सोडण्याचा हुकूम निघाला.